सुनंदाचा पत्ता गाळताना

मंडळी, आपला गट चालवणाऱ्या सचिनच्या ऑफिसातूनच, माझ्या टेबलावरून लिहितेय. मोडेमला लाइन मिळालीय, तोवर सांगून टाकते.

आपल्या गटाची मेल सगळ्यांना पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये इथल्याच योगेशने आज छोटीशी दुरुस्ती केली. ज्या पत्त्यावरून मेल सतत परत येते, तो यादीतून आपोआप गाळायचा. तपासायचं काम माझं. चालवून पाहिलं, तर पहिलाच गाळलेला पत्ता सुनंदाचा!

सुनंदा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. दोघी धुळ्याकडच्या. ऑफिसात अहिराणीत मी फक्त तिच्याशीच बोलायचे. लग्न होऊन ती कॅनडाला गेली, तिथे बहुतेक नोकरी बदलली. तेव्हापासून माझी प्रत्येक मेल परत येते. तरी मी पाठवतेच.

"योगेश, हा एक पत्ता राहू दे ना."

तो हळूच म्हणाला, "ठेवतो ताई. पण त्यांना काहीच पोचत नाहीये."

खरंच होतं ते. मी दुरुस्तीला होकार दिला, सुनंदाचा पत्ताही गाळू दिला. मग बराच वेळ कामात लक्ष लागेना.

तुमच्यापैकी कॅनडात कोणी आहे का? सुनंदा कुठे भेटली, तर तिचा नवा पत्ता कळवाल? मी स्वतःच्या हाताने तो गटात घालेन.