काच पुसू नको

डोंगरातल्या त्या चौकीवर माझं पोस्टिंग झालं तेव्हा जनरेटर, बॅटऱ्या आणि वायरलेस सेट यांची देखभाल माझ्याकडे आली. मी शिरूर अनंतपाळचा. जोडीला नाईक माधव कदम, अर्धापूरचा, केळीच्या बागेत वाढलेला. सगळी पोस्ट त्याला 'नांदेड' म्हणायची आणि मला 'लातूर'.

मला एका जागी बसवत नाही. तेव्हाही बसवत नव्हतं. काम नसलं की मी बंकरमध्ये येरझाऱ्या घालायचो. माधव वैतागायचा. "बस की रे. पायाला भिंगरी लावून आलास का गावाकडून?"

आमचा सरकारी मीटर डिजिटल होता. थंडी वाढली की त्याचा पडदा गोठायचा आणि आकडे उमटायचे नाहीत. माधवनं सुट्टीवरून येताना नांदेडच्या जुन्या बाजारातून काट्याचा मीटर आणला. सगळ्यांनी त्याची थट्टा केली. एका दुपारी त्यानं तो उघडून मला दाखवला. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि त्याला जोडलेला काटा. तारेतून करंट गेला की वेटोळंही चुंबक बनतं आणि वळू लागतं. केसासारखी स्प्रिंग त्याला मागं ओढते. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की काटा थांबतो. करंट जास्त तर काटा जास्त वर. करंट गेला की स्प्रिंग त्याला शून्यावर आणून सोडते.

"व्होल्ट मोजायला ह्याला सेल लागत न्हाई," माधव म्हणाला. "ज्याला मोजायचं, त्याच्याच जिवावर चालतंय. फकस्त काच पुसू नको."

"का?"

"कोरड्या थंडीत काच लोकरीनं घासली की तिच्यात वीज साठती. काटा तिकडं ओढला जातो, मग खोटं बोलतो. तोंडाची वाफ सोडायची. गुमान खाली येतो."

पुढं एका दिवशी दुपारचं जेवण उरकलं होतं. माधव सेट घेऊन चौघांबरोबर पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर होता. परतीच्या वाटेवर बर्फाचा मोठा उतार लागतो. मेजर साहेबांना दुर्बिणीतून दिसलं, उताराच्या माथ्यावर भेग पडली आहे आणि पाचही जण खाली मधोमध पोचले आहेत. ऑपरेटरनं माईक उचलला. आमचा सेट बंद पडला होता.

"सेट चालू करो," साहेब म्हणाले. "उन्हें वापस चट्टान के पीछे भेजो. सब पहुँच जाएँ तो खबर दें."

डिजिटलचा पडदा काळा. मी काट्याचा मीटर मागितला. ऑपरेटरनं घाईघाईत काच लोकरीच्या हातमोज्यानं पुसून तो माझ्या हातात दिला. मीटरच्या तारांची टोकं सेटला वीज देणाऱ्या तारांना लावली. काटा वर. म्हणजे वीज येत होती आणि बिघाड सेटच्या आत होता. मी स्क्रू काढायला घेतले. टोकं बाजूला ठेवली तरी काटा वरच राहिला होता. मी काचेवर वाफ सोडली. काटा शून्यावर आला. टोकं पुन्हा लावली तरी शून्यच, म्हणजे वीज येतच नव्हती. सेट ठीक होता, बॅटरीची तार तुटली होती. ती क्लॅम्पपाशी आतून तडकलेली निघाली. मी दातांनी सोलून जोडली आणि माईक घेतला.

"नांदेड, लातूर. मागं फिर. खडकाआड जा. वर भेग आहे. ओव्हर."

"लई उशीर केलास की रे. समजलं. ओव्हर."

"सगळे पोचले की कळव. साहेबांचा हुकूम. ओव्हर."

"रॉजर."

खडकामागून सेटचा आवाज येत नसे. कळवणारा उघड्यावरच उभा राहणार, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. मी उभ्या उभ्या हातमोजा पिळत होतो.

"चौघं आडोशाला पोचले. मी निघतो. आउट."

आउट म्हणजे बोलणं संपलं. मग डोंगर गडगडला. संध्याकाळी चौघं परत आले. माधव तिसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडला, सेट पाठीवरच होता.

तो हुकूम मीच पोचवला. चार घरं वाचली याचं समाधान आहे, आणि जीवही जळतो. दोन्ही खरं आहे.

आता माझं लातूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दर उन्हाळ्यात अर्धापूरला जाऊन येतो. माधवच्या आईला मी मावशी म्हणतो. त्याच्या सामानाबरोबर आलेला मीटर तिनं फोटोखाली ठेवला आहे. चहा झाला की माझी निघायची घाई सुरू होते, हे तिला पाठ आहे.

यंदा ती म्हणाली, "बस जरा. एक दाखवायचं हाय."

तिनं पदरानं फोटो पुसला, मग मीटरची काच पुसली. काटा हळूच वर सरकला आणि थांबला.

"पावसाळ्यात गप ऱ्हातो," ती म्हणाली. "उन्हाळ्यात मातर हात फिरवला की हलतोय. कुणाला सांगितलं न्हाई, येडी म्हनतील. तू तर ह्यातला हाईस. कोन हलवतंय रे त्याला?"

मला माहीत होतं. उपायही माहीत होता.

"तुमचाच हात, मावशी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि काट्याकडे बघत राहिली. माझा श्वास काचेवर जाऊ नये म्हणून मी जरा मागं सरकलो, आणि काटा आपणहून खाली येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलो.