केवळाबाईचं प्रेशर उतरेना

उज्वला कदम चार वर्षं लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये निकालाच्या जाहिराती करायची. मधूनच क्लास सोडून गेलेली मुलं त्या निकालात कधी धरली जात नसत. यादीतून त्यांची नावं तीच काढून टाकायची. पुढं तिनं ती नोकरी सोडली आणि औसा तालुक्यात काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. ज्यांच्याकडं सरकारी योजनेचं कार्ड नाही, विमा नाही, अशांना ही संस्था दर मंगळवारी फुकट तपासायची. डॉक्टर आपला वेळ द्यायचे, लॅबवाले रक्त तपासून द्यायचे, गोळ्या देणगीतून यायच्या. या सगळ्यानं माणसं खरंच बरी होतात का, ते मोजायचं काम उज्वलाकडं होतं.

ब्लड प्रेशरचे दोनशे चौदा पेशंट नोंदले गेले होते. सहा महिन्यांनी फेरतपासणी केली, तेव्हा एकशे एक्कावन्न आले. त्यातल्या एकशे अठरा जणांचं प्रेशर आटोक्यात होतं. सगळे खूश झाले. उज्वलाला मात्र चैन पडेना. जेवता जेवता उठून ती रजिस्टर चाळायची आणि परत ताटावर येऊन बसायची.

तिचं मन अडकलं होतं केवळाबाईत. औशाच्या पुढच्या एका खेड्यातली ही साठीला टेकलेली विधवा घरची तीन एकर स्वतः कसायची. भावकीत वाटणी झाली तेव्हा रेशनकार्डं वेगळी झाली. जुन्या कार्डातून तिचं नाव निघालं, ते नव्यात चढलंच नाही. त्यामुळं तिच्याकडं योजनेचंही कार्ड नव्हतं. तिनं एकही तारीख चुकवली नव्हती, तरी प्रेशर एकशे ऐंशीच्या खाली येत नव्हतं. मंगळवारी तपासणाऱ्या डॉ. सिद्धेश्वर बिराजदारांनी दोनदा गोळी बदलून जास्त ताकदीची दिली आणि शेवटी केस पेपरवर लिहून टाकलं, 'गोळ्या घेत नाही.'

न चुकता येणारी बाई गोळी घेत नसेल, हे उज्वलाला पटेना. एका गुरुवारी प्रेशरचं मशीन पिशवीत टाकून ती एसटीनं निघाली.

केवळाबाई ओसरीवर पेरणीसाठी सोयाबीनचं बी निवडत बसली होती. तिची जाऊ कावेरीबाई भिंतीला टेकून होती. उज्वलानं विचारताच केवळाबाईनं गोळ्यांचं पाकीट आणून पुढं केलं. जितके दिवस झाले होते, तितक्याच गोळ्या संपल्या होत्या. उज्वलानं तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे ब्याऐंशी.

आज गोळी घेतली का, असं तिनं विचारलं.

"आज हिची पाळी हाय," केवळाबाई बोलून गेली, आणि मान खाली घालून बी निवडू लागली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षापूर्वी बाजाराच्या दिवशी एका शिबिरात कावेरीबाईचंही प्रेशर जास्त निघालं होतं. पण तिच्याकडं योजनेचं कार्ड होतं, म्हणून मंगळवारी तिचं नाव घेतलं गेलं नाही. त्या कार्डावर ऑपरेशन झालं असतं, रोजची गोळी मिळत नव्हती. केवळाबाईच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दोघी त्यातलीच एकेक दिवसाआड घेत होत्या.

उज्वलानं कावेरीबाईचं प्रेशर मोजलं. चौऱ्याण्णव. गोळी बदलल्यापासून तिला घेरी येत होती. आठवड्यापूर्वी ती नळावर पडली होती. दोघींनी ते उन्हावर ढकललं होतं.

"ताई, हे लिहू नका," केवळाबाई म्हणाली. "माझं नाव काटतील."

"न्हाई लिहिलं तर ह्या मावशी परत पडतील."

"मग मी एकटीनं खायची व्हती का? तीस वर्सं एका चुलीवर जेवलो आम्ही. तिच्यासमोर गोळी घशाखाली उतरत न्हाई."

अंगणात जाऊन उज्वलानं डॉक्टरांना फोन लावला. ते आधी चिडले. मग कावेरीबाईची गोळी आजपासून बंद करा आणि उद्या दोघींना लातूरला घेऊन या, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघींना तपासून झाल्यावर त्यांनी केस पेपरवरची आपली ओळ खोडली.

"मी आंधळ्यासारखा गोळीची ताकद वाढवत होतो," ते उज्वलाला म्हणाले.

आता उज्वलाला एका जागी बसवेना. ज्यांचं प्रेशर उतरलं नव्हतं, अशी आणखी बत्तीस नावं होती. तुमची गोळी घरात आणखी कोण घेतं, हे तिनं प्रत्येकाला विचारलं. फोनवर कुणीच कबूल झालं नाही. घरी जाऊन बसल्यावर आठ जणांनी सांगितलं. गुरम्मा नावाची बाई तर नवऱ्यासाठी गोळी विळ्यानं अर्धी करत होती.

हे सगळं घेऊन ती नांदेडला संस्थेच्या ऑफिसात गेली. संस्थेचं काम बघणारे वैजनाथ सर रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावानं भले. त्यांनी अहवाल तयारच ठेवला होता: अठ्ठ्याहत्तर टक्के पेशंटना गुण. न आलेले त्रेसष्ट जण त्यात धरलेलेच नव्हते. बाहेरगावी गेले असतील, त्यांना कशाला मोजायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांना धरलं तर आकडा पंचावन्नावर येत होता. गोळ्या देणाऱ्यांना काय दाखवायचं, ही त्यांची काळजीही खोटी नव्हती.

"क्लासमध्ये मी हेच करायचे, सर," उज्वला म्हणाली. "तिथं वगळलेला मुलगा दुसरीकडं शिकायचा. इथं वगळलेला माणूस कुठं जातो, ते मला माहीत न्हाई."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी अहवाल गेला, पंचावन्न टक्क्यांचा, वाटून घेतलेल्या गोळ्यांसकट. एका देणगीदारानं पुढच्या वर्षासाठी नकार कळवला. दुसऱ्यानं घरातल्या दुसऱ्या माणसासाठीही गोळ्या देऊ केल्या, पण सहाच महिने. कार्ड असलं तरी रोजच्या गोळीसाठी नाव घ्यायचं, असं ठरलं. कावेरीबाईला तिची वेगळी, हलकी गोळी सुरू झाली. श्रावणात केवळाबाईचं प्रेशर एकशे छत्तीस भरलं.

उज्वला मात्र त्या त्रेसष्ट जणांच्या मागं लागली. दिवाळीपर्यंत चौरेचाळीस सापडले. काही खरंच पुण्याला कामाला गेले होते, काहींना मंगळवारची मजुरी बुडवता येत नव्हती. दोघे वारले होते. ती दोन नावं तिनं रजिस्टरात लिहिली.

परवा ती यादीतल्या, अजून न सापडलेल्या धुरपताबाईच्या दारात गेली, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, उदगीरला लेकीकडं गेलीय, कधी येईल सांगता येत नाही. उज्वलानं लेकीचं गाव, गल्ली लिहून घेतली आणि उदगीरची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.