खाली बसून दाखव

"तू इथं खाली बस," उद्योग केंद्राचे साहेब म्हणाले. "कोयता घे, बांबू फोड. पाहुणे आले की हात चालू ठेव. थांबू नकोस."

मी उभीच राहिले. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

प्रदर्शनासाठी हॉलभर टेबलं मांडलेली होती. पांढऱ्या चादरी, प्रत्येक टेबलामागे खुर्ची, पुढे नावाची पाटी. बाटिकचे पडदे करणाऱ्या पोराचं टेबल होतं. शिंपल्यांचे दागिने करणाऱ्या बाईंचं होतं. स्क्रीन प्रिंटिंगवाल्या रफीकचं होतं. माझं नव्हतं. माझ्यासाठी दाराजवळ गोणपाट अंथरलेलं.

माझे दिवे मात्र टेबलावर होते. माणगा बांबूच्या बारीक कांबी विणून केलेल्या दिव्यांच्या टोप्या. आत बल्ब लावला की भिंतीवर जाळी पडायची. ते दिवे इनामदार वहिनींच्या टेबलावर मांडले होते. वहिनी आमच्याच केंद्रातून घरसजावटीचा धंदा काढत होत्या. पाटीवर त्यांचं नाव. खाली बारीक अक्षरांत, 'स्थानिक कारागिरांच्या मदतीने'.

मी म्हटलं, "साहेब, हे दिवे माझे आहेत."

"तुझेच आहेत गं. कोण नाही म्हणतंय? पण मुंबईचे पाहुणे इंग्रजीत विचारणार. वहिनी बोलतील. तू करून दाखव. बुरडाचं काम बघायला लोकांना बरं वाटतं."

वहिनी हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला. त्यांना खरंच वाटत होतं की माझी सोय झाली.

मी खाली बसले. हो, बसले. वीस-बावीस वर्षांची सवय होती ती.

आमचं घर रत्नागिरीजवळच्या पालीच्या अलीकडे. बाप सुपं, रोवळ्या, टोपल्या करायचा आणि बाजारात रस्त्याच्या कडेला मांडायचा. मॅट्रिक झालेली मी वाडीतली पहिली मुलगी. ऐंशीनंतरची ती वर्षं. नोकऱ्या मागू नका, धंदे काढा, असं जो तो सांगत होता. रत्नागिरीत एका चिरेबंदी गोदामात सरकारी नवउद्योग केंद्र निघालं. ज्याच्याकडे नवी कल्पना आहे त्याला वर्षभर गाळा, अवजारं, सल्ला, आणि वर्ष संपलं की आपल्या पायावर उभं राहायचं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी मला ढकलून पाठवलं. मुलाखतीत मी दिव्यांची चित्रं दाखवली. निवड झाली. कोणाच्या उपकारानं नाही. चित्रांवर झाली.

तो गाळा मला मिळाला तेव्हा मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि नुसती उभी राहिले. चार भिंती, एक खिडकी, एक टेबल. माझ्या बापाला आयुष्यात काम करायला छप्पर मिळालं नव्हतं.

पण गाळा मिळाला म्हणजे जागा मिळाली असं नसतं, हे हळूहळू कळलं. हिशेब कसा ठेवायचा, गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार कसा करायचा, हे शिकवायला कोल्हापूरहून माणूस यायचा. त्या तासाला सगळ्यांना बोलावणं जायचं. मला निरोप यायचा, "तुला काय करायचंय ते? तू माल काढ." मी तरी जाऊन मागच्या बाकावर बसायचे. साहेब मला नावानं हाक मारत नसत. 'पालीची' म्हणत. कधी 'बुरडीण'. बाटिकवाल्या पोराला ते 'आमचे कलाकार' म्हणायचे.

तर मी गोणपाटावर बसून बांबू फोडत होते. पाहुणे आले. सुटाबुटातले, त्यांच्या बायका, बरोबर फोटोवाला. एक बाई माझ्यापुढे वाकल्या. माझे हात बघितले. मग वहिनींकडे वळून विचारलं, "हिला हे डिझाइन तुम्ही शिकवलंत?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाल्या, "बसून करून घेतलं हो. त्यांना समजावून सांगावं लागतं."

कोयता माझ्या हातातच होता. मी तो बाजूला ठेवला. नीट ठेवला, कोणाला लागू नये असा. उठले. साडीला चिकटलेला भुसा झटकला. टेबलापाशी गेले, पाटी उचलली आणि पालथी घातली.

"हे माझं काम आहे," मी म्हटलं. "चित्र माझं, वीण माझी. मला कोणी समजावलेलं नाही. मी इथली उद्योजक आहे. ह्यांच्यासारखीच. विचारायचं ते मला विचारा."

आवाज कापत होता. पण शब्द सगळे बाहेर आले.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. साहेब दात आवळून म्हणाले, "आत जा. तमाशा करू नकोस."

"मी आत जाणार नाही."

त्या दिवशी माझा बाप बांबूची मोळी एसटीच्या टपावर टाकून घेऊन आला होता. तो दारातच उभा होता. त्यानं सगळं बघितलं. मला वाटलं, तो माझ्या बाजूला येईल. तो साहेबांपुढे गेला. हात जोडले.

"चुकला साहेब पोरीचा. अक्कल नाय तिला. पदरात घ्या."

साहेबांनी खाली बस म्हटलं तेव्हा मी रडले नव्हते. बापानं हात जोडले तेव्हा रडले.

परतीच्या एसटीत बाप खिडकीबाहेर बघत होता. हातखंबा गेल्यावर म्हणाला, "कशाला गो बोललंस? जागा गेली ना आता."

"जागा माझी होती, बाबा. त्यांच्या घरातली नव्हती."

"आपल्याला कोन इचारतां?"

त्याच्यावर रागावले होते, आणि त्याला हात जोडायला शिकवणाऱ्यांवर त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाळ्याला कुलूप होतं. 'शिस्तभंग' म्हणाले. वर्ष अर्धंही झालं नव्हतं. रफीक त्याच्या गाळ्यातून बाहेर आला. राजिवड्याच्या खलाशाचा मुलगा तो. त्यालाही मच्छीचा वास येतो म्हणून शेवटचा गाळा दिला होता. म्हणाला, "माझ्या अर्ध्या गाळ्यात बस. मला काय सगळी जागा लागत नाही." मी आठवडाभर तिथं बसले. मग साहेबांनी त्यालाही तंबी दिली, तेव्हा मीच उठले. त्याचं वर्ष बुडायला नको होतं.

दिवे वहिनींनी पुढे दुसऱ्या कोणाकडून करून घेतले. वीण ढिली होती, पण मुंबईत खपले असं ऐकलं. मी बापाच्या शेजारी, पालीच्या बाजारात, रस्त्याकडेला बसून दिवे करते. सुपं घ्यायला आलेली माणसं दिवे हातात घेऊन बघतात आणि खाली ठेवतात. धंदा चालला असं मी म्हणणार नाही. चालला नाही.

पण पुढच्या वर्षी केंद्राची निवड सुरू झाली तेव्हा मी पुन्हा गेले. नाकारलं. त्याच्या पुढच्या वर्षी गेले. साहेब म्हणाले, "तुला लाज नाही का?" मी म्हटलं, "नाही." यंदा वाडीतल्या दोन मुली माझ्याबरोबर येणार आहेत. त्यांची चित्रं माझ्यापेक्षा बरी आहेत. बाप म्हणतो, पुन्हा तोंडावर पडशील. पडेन.

ते गोदाम लोकांच्या पैशातून उभं राहिलंय. त्यात आमचाही पैसा आहे. आम्ही तिथं मेहेरबानी मागायला जात नाही. दार लावून घेतलं तर दारात उभ्या राहू, आणि कोणी खाली बस म्हणालं तर बसणार नाही.