व्याह्यांची शिट्टी

आमच्या व्याह्यांमुळे आजवर कोणी कुठे उशिरा पोचलेलं नाही, आणि सुखाने तर मुळीच पोचलेलं नाही. उभा जन्म त्यांनी लातूरच्या एसटी स्टँडवर गाड्या सोडण्यात घालवला. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल दिली, हार घातला, पण गळ्यातली शिट्टी काढून घ्यायचं खातं विसरलं, आणि त्या विसरभोळेपणाची शिक्षा आम्ही अजून भोगतोय. माझ्या मुलीच्या लग्नात, म्हणजे त्यांच्याच मुलाच्या लग्नात, मंगलाष्टकं लांबली म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली. आमच्या मामींचं कडवं घशातच राहिलं. भटजी बिचारे इतके दचकले की अक्षता घेऊन बसमध्ये चढतात की काय असं वाटलं. पंगतीत मी दुसऱ्यांदा भात मागितला तर घड्याळाकडे बघत मला, म्हणजे त्यांच्या व्याह्याला, म्हणाले, "इवाई, तुम्ही माणूस न्हाई, मुक्कामी गाडी हाव." मी हसलो. मुलगी दिलेला माणूस दुसरं काय करणार? घरी येऊन बायकोपुढे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांचा दुसरा अवगुण म्हणजे टॉवेल. खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायची रीत आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण व्याह्यांनी तिचा धर्म केला. टॉवेल पडला की माणूस बसला, मग तो माणूस अजून घरी अंघोळ करत असला तरी चालेल. दाताच्या डॉक्टरकडे टॉवेल, कीर्तनात टॉवेल. एकदा एका शोकसभेतही पहिल्या रांगेत टॉवेल टाकून ते चहा प्यायला गेले होते. कोणी तो उचलला तर "शीट भरलेलंय, दिसत न्हाई का?" म्हणून अंगावर येतात.

पण ज्या माणसाने गावोगावच्या लोकांना गाडीत बसवलं, त्याने स्वतःच्या बायकोला कुठेही नेलं नाही. आमच्या विहीणबाईंना लग्न झाल्यापासून इस्लापूरचा सहस्रकुंड धबधबा बघायचा होता. घरात फुकट पास यायचा आणि कपाटात पडून मुदत संपवायचा. सणावारी गर्दी, लग्नसराईत गर्दी, एरवी रजा नाही. "निवृत्त झालो की नेतो," हे एकच वाक्य त्या माउलीने आयुष्यभर ऐकलं. ते निवृत्त झाले तोवर विहीणबाईंचे गुडघे गेले. "पुढच्या साली तर मला पायरीबी चढता येणार न्हाई," असं त्या माझ्या बायकोजवळ बोलल्या होत्या. म्हणून गेल्या पावसाळ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल निघाली तेव्हा मीच सहस्रकुंडाचा आग्रह धरला. काहींना धबधब्याच्या नदीपलीकडे विदर्भात जाऊन कोळशाच्या खाणी बघायच्या होत्या. व्याह्यांनी तो बेत एका वाक्यात बुजवला, "खाणीत काय बघता? अंधारच बघायचा तर घरी लाइट जातेच की."

सहलीचं वेळापत्रक अर्थातच त्यांचं. नांदेडला चहा, पण बशीत ओतून, म्हणजे लवकर निवतो. अर्धापूरला केळी. तिथे सगळे उतरले, विहीणबाईही कशाबशा उतरल्या, आणि त्यांच्या खिडकीच्या जागेवर व्याह्यांनी सवयीने टॉवेल टाकला. थोड्या वेळात शिट्टी झाली. अर्धी सोललेली केळी हातात धरून म्हातारी मंडळी धावली. व्याह्यांनी दारातून आत नजर फिरवली. सगळ्या जागा भरलेल्या, एकीवर टॉवेल, म्हणजे तीही भरलेली. गाडी सुटली. मी मागच्या सीटवर पोटभर केळी खाऊन पेंगत होतो. बरंच पुढे गेल्यावर व्याह्यांनी एक केळं सोललं, खिडकीकडे न बघताच हात पुढे केला आणि म्हणाले, "अगं, घे." टॉवेल काही बोलला नाही.

त्यांचा चेहरा मी प्रथमच तसा पाहिला. त्यांच्या हयातीत सुटलेली गाडी कधी मागे फिरली नव्हती, ती फिरली.

विहीणबाई केळीवाल्याच्या खोक्यावर ऐसपैस बसल्या होत्या. रागावलेल्याही दिसेनात, हेच वाईट लक्षण. "आलात? जावा, तुमची गाडी लेट व्हईल. मी लातूरची गाडी धरून घरी जाते."

"अगं, जागेवर टॉवेल होता, मला वाटलं..."

"मग टॉवेललाच दाखवा सहस्रकुंड."

गाडीत कोणी हसलं नाही. बाई घरी गेल्या तर धबधबा कायमचा गेला, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. व्याह्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, त्यांच्या ओटीत ठेवली. "आजच्याला गाडी तू सोडायची. तू फुकल्याबिगर हलणार न्हाई."

"आन् न्हाई फुकली तर?"

"तर न्हाई हलणार."

विहीणबाईंनी शिट्टी पदराने पुसली, मुठीत धरली आणि हात पुढे केला. व्याह्यांनी त्यांना धरून गाडीत चढवलं.

सहस्रकुंडाला त्या दगडी कठड्यावर बसल्या त्या बसल्याच. अंगावर तुषार येत होते, कानाला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आमचे एक निवृत्त नायब तहसीलदार संध्याकाळच्या गोळ्यांची कुरकुर करू लागले, तर व्याही त्यांच्यावर खेकसले, "ती बघून राहिली ना? खामखा घाई कशाला?" घाई कशाला! हे शब्द त्या तोंडातून ऐकायला आमचा अर्धा स्टँड जमला असता.

"एवढं पाणी पहिल्यापासनं हितं पडून राहिलं व्हय?" विहीणबाईंनी विचारलं.

"हाव."

"आन् आपण लातुरात."

व्याह्यांनी मान खाली घातली. मलाही उगाच वाईट वाटलं. मग मन भरल्यावर बाईंनी शिट्टी फुंकली. निम्मी हवाच निघाली, पण आम्ही सगळे आज्ञाधारकपणे गाडीत चढलो.

मध्यरात्रीच्या सुमाराला गाडी लातूरला मंडळाच्या दारात उभी राहिली. पिशव्या, काठ्या, चपला शोधत सगळे उठले. विहीणबाई व्याह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या होत्या, शिट्टी मुठीतच. व्याह्यांनी मोकळा हात वर केला आणि अगदी हळू म्हणाले, "बसा. शिट्टी झाली न्हाई अजून."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आम्ही पिशव्या मांडीवर घेऊन पुन्हा बसलो. तहसीलदारही बसले. व्याह्यांच्या गाडीत इतक्या सुखाने आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो.