माळावरचं निळं देवक

सुरतेतल्या लिंबायतच्या प्रमिलाबाईंनी जन्मात खोटं बोलायचं ठरवलं ते एकदाच, लेकीच्या लग्नासाठी. तेवढंही त्यांना साधलं नाही.

सत्त्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. त्यांच्या सुषमाला सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला योगेंद्र पसंत पडला होता. आधीच्या सगळ्या स्थळांना नाकं मुरडणारी ही पोरगी त्याचं नाव निघालं की चहात दोनदा साखर घालायची. सगळं जुळलं आणि घोडं अडलं ते देवकापाशी. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर मुलगा-मुलगी भाऊ-बहीण, मग लग्नाचं नावच काढायचं नाही. योगेंद्रच्या आई उषाबाई सुरतेतच वाढलेल्या. सासरचं देवक म्हणजे गावाकडच्या माळावरचं निळं फूल, एवढंच त्या सांगत. प्रमिलाबाईंच्या सासरचं देवक विष्णुक्रांता, तेही निळंच. पण माळावर निळी फुलं काय थोडी असतात?

ओळखणार कोण? दगा नावाचा त्यांचा नवरा मागावरचा तुटलेला धागा लांबून हेरायचा, पण फुलांत त्याची गती झेंडूपर्यंतच. उरल्या प्रमिलाबाई. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या साक्रीकडच्या खडकाळ माळावर गुरांमागे हिंडल्या होत्या. विष्णुक्रांतेचं रोप दिसलं की डोक्यावर पदर घ्यायचा, हात जोडायचे, ओलांडायचं नाही, ही सासूची शिस्त. उन्हाळ्यात ते वाळून जाई, मूळ मात्र मुरुमात जिवंत राही.

योगेंद्रचा चुलता निंबा गावाहून आणलेलं रोप घेऊन उषाबाईंबरोबर प्रमिलाबाईंकडे आला तेव्हा दुपार टळली होती. जमिनीसरशा पसरणाऱ्या फांद्या, लवदार बारीक पानं. प्रमिलाबाईंना सगळं ओळखीचं. पण फुलं मिटलेली होती. दुपारनंतर विष्णुक्रांता मिटतेच, हे ठाऊक असूनही त्या म्हणाल्या, अशी पानं पुष्कळांची असतात.

"सकायले फूल उमलू द्या, मंग देखूत," म्हणत उषाबाई रोप तांब्यात ठेवून घरी घेऊन गेल्या.

त्यांची पाठ वळताच सुषमाने विचारलं, "माय, हाई आपलं नही ना?" लेकीचा चेहरा बघून प्रमिलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. आता काहीही उमलो, नाहीच म्हणायचं. पाप लागलं तर आपल्याला लागू दे.

सकाळी उषाबाई तांब्या घेऊन परत आल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्यावरचा फडका काढला. शर्टाच्या बटणाएवढं निळं फूल उघडलं होतं.

"नही, हाई आमनं नही," प्रमिलाबाई म्हणाल्या. शब्द ठरल्याप्रमाणे आले. पण तोवर पदर डोक्यावर गेला होता आणि हात जुळले होते. त्यांना ते कळलंही नव्हतं. सगळे कुठे बघताहेत म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तेव्हा कळलं.

उषाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून त्यांनी सुषमाच्या गालावरून हात फिरवला. त्यांचेही डोळे भरले होते.

"आते तू मन्ही पोर व्हयनी, बेटा," त्या म्हणाल्या.

सासूच्या तोंडून 'तू माझी पोर झालीस' हे ऐकायला पोरी आसुसलेल्या असतात. सुषमाने आईच्या हातांकडे पाहिलं. ते अजून जोडलेलेच होते.