ओठ बघा ना

एव्हरशाईनमध्ये तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा, आणि रविवारी सकाळी गोखिवऱ्याच्या तळ्यावर माझ्याच शेजारी गळ टाकून बसायचा. माझी गळाची काठी त्याच्यापेक्षा महाग होती. मासे मात्र त्यालाच ओळखता यायचे. गळाच्या दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा तुकडा जरा कलला की मासा वर यायच्या आधीच तो पुटपुटायचा, "मृगळ." एकदा तरी चुकू दे, असं मी मनात म्हणायचो. मेला चुकायचा नाही.

मी मृगळला रोहू म्हटलं की तो आधी चष्मा शर्टाला पुसायचा, मग माशाच्या तोंडावरून अंगठा फिरवायचा. "ओठ बघा ना. रोहूचा जाड असतो, झालरीसारखा. हा पातळ आहे." हे तो सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा.

मी तिथे नक्की काय करतो ते बघायला एकदा माझी बायको आली. नेमका तेव्हाच माझ्या गळाला मोठा मासा लागला. "रोहू!" मी ओरडलो. ती हरखली. त्याने चष्मा पुसला, अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "रोहूच आहे, वहिनी. मस्त काढला यांनी."

रिक्षात मी पिशवीत हात घालून तो ओठ चाचपला. पातळ होता.

एकदाचा चुकला, तोही माझ्यासाठी. बायको अजून म्हणते, "किती चांगला माणूस! चहाला बोलवा की."

मी बोलावलेलं नाही.