बारवेची मापं

लातूर जिल्हा नवा झाला, तिथल्या कार्यालयांना माणसं कमी पडू लागली, तेव्हा नांदेडहून ज्यांच्या बदल्या झाल्या त्यांत मी होतो. बांधकामाच्या कार्यालयात आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पडला नव्हता. माझ्या टेबलावर दोनच तऱ्हेची कामं यायची, दुष्काळी कामावरचे रस्ते आणि नव्या इमारती.

अहमदपूरहून जळकोटकडे जाताना लागणाऱ्या एका गावात पंचायतीची इमारत व्हायची होती. पहिल्या नकाशात मी पुढच्या पडवीला तीन कमानी दिल्या. नांदेडला लहानपणापासून निजामाच्या काळातल्या शाळा-कचेऱ्या बघितलेल्या, त्यामुळे हात आपोआप तिकडं वळला. साहेबांनी नकाशा परत केला.

"नव्या जिल्ह्यात तीच जुनी कचेरी बांधायची का? त्या गावात हेमाडपंती बारव आहे. तिचे खांब बघून या. दगड नकोत, नुसतं वळण घ्या. आपण खांब विटांचे करू आणि वरून गिलावा देऊ."

मला ते पटलं. मी एस.टी.नं गावात गेलो.

बारव महादेवाच्या देवळामागं होती. तोंड बेचाळीस फूट चौरस, उतरायला एकतीस पायऱ्या. खालच्या टप्प्यावर तीन बाजूंना ओवऱ्या, प्रत्येक ओवरीला चार खांब. चुना कुठंच नाही, दगडावर दगड ठेवलेला. खांबांवर लांब दगडी तुळया, तुळयांवर वरची भिंत आणि भिंतीमागं काळी माती. म्हणजे ते खांब शोभेचे नव्हते. मागून रेटणारी जमीन त्यांनी अडवून धरली होती.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस मिळेना. शेवटी देवळातल्या गुरवाची बायको आली. गुरवाचे गुडघे गेले होते, त्यामुळे देवाचं पाणी तीच काढायची.

"कशाला मोजताव?" तिनं विचारलं.

"असेच खांब नव्या पंचायतीला करायचेत, मावशी."

"पंचायतीला? तिथं काय पानी लागलंय व्हय?" ती हसली. "धरा नीट. टेप वाकडा धरला तुमी."

टेप खरंच वाकडा होता.

बारा खांब दिसायला सारखे असले तरी एकाचंही माप दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कुठं इंचाचा फरक, कुठं दोन इंचांचा. मापं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मी पांढऱ्या रंगानं प्रत्येक खांबावर, तुळईवर आणि बैठकीच्या दगडावर आकडे घातले. पूर्व एक, पूर्व दोन, याप्रमाणे. कागदावर तेच आकडे आणि कुठला दगड कशावर बसतो याचा तक्ता. असं काम मी फार मन लावून करायचो.

तळाशी एका कोपऱ्यात पाणी होतं. चार बोटं, म्हणजे साधारण तीन इंच. मावशी वाटीनं घागर भरत होती. मी घड्याळ लावलं. एक घागर भरायला छत्तीस मिनिटं लागली.

"टँकरचं घेत नाही का?"

"टँकरपाशी लई भांडनं. आन् झरा जित्ता हाय की. दमानं येतो, पर येतो. माज्या सासूनं बी हितलंच काढलं मोठ्या दुष्काळात."

लातूरला येऊन मी नकाशा काढला. प्रमाण एका इंचाला आठ फूट. त्या प्रमाणात तीन इंच पाणी म्हणजे पेन्सिलीच्या रेघेची जाडी. ते दाखवणं शक्य नव्हतं, आणि जे दाखवता येत नाही ते नकाशात घालायचं नाही, अशी माझी शिस्त. खाली सद्यस्थिती लिहायला जागा होती. तिथं मी 'कोरडी' असं लिहिलं.

नव्या पडवीचा नकाशा चांगला झाला. खांबाची बैठक, मधला अष्टकोन, वरचा गोल, सगळं जुन्या प्रमाणात. पडवीवर जेमतेम पाच इंचांचा स्लॅब येणार होता, त्याला इतका जाड खांब लागत नव्हता, म्हणून मी जाडी चौथ्या भागानं कमी केली. साहेबांनी सही केली. नकाशाची एक प्रत आणि सोबत बारवेचे कागद गावाला गेले.

चार महिन्यांनी पायाची तपासणी करायला गेलो. जोत्याशेजारी चार खांब आडवे पडलेले होते. त्यांच्यावर माझ्या हातचे पांढरे आकडे होते. सगळे पूर्वेचे.

सरपंच खुशीत पुढं आले. "या साहेब! तुमचं काम हलकं केलं बघा. विटाचे खांब कशाला? नकलेपरीस अस्सल बरं. मानसं रिकामी हायेत, दुष्काळी कामावर लावली. नंबर हुते म्हणून एक दगड इकडचा तिकडं झाला न्हाई."

"पण बारव..."

"तुमीच लिवलंय की कोरडी. कोरड्या हिरीला खांब काय करायचेत?"

जमलेली माणसं हसली. मीही ओशाळं हसलो, हे मला आजही टोचतं.

बारवेवर गेलो. पूर्वेची ओवरी नव्हतीच. तुळया काढलेल्या, वरची भिंत लाकडाच्या दोन टेकूंवर. मावशी खालीच होती. तिनं मला बघितलं, हातातली वाटी घागरीत ओतली. मग म्हणाली, "सरपंचाच्या मानसांनी टेकू दिलाय, टिकल म्हणतेत. टिकल का?"

"साहेबांशी बोलतो," मी म्हणालो.

बोललोही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लेखी द्या. बारवेत पाणी आहे, वापर चालू आहे, भिंतीला धोका आहे. काम थांबवतो. फक्त एवढं सांगा, नकाशात कोरडी कुणी लिहिलं?"

मी लिहायला बसलो. दोन ओळी झाल्या. तिसरी ओळ अशी व्हायला हवी होती की पूर्वीची नोंद माझ्या हातून चुकीची झाली. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. माझ्या मापात चूक निघत नाही, एवढीच कार्यालयात माझी ओळख होती. तो कागद मी चार दिवस खणात ठेवला. मग दुसरी कामं आली. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. मी पुन्हा बोललो नाही.

पुढच्या मृगात पाऊस लागला. आठवडाभर पडला. काळी माती फुगली आणि पूर्वेची भिंत आत आली.

इमारतीच्या अंतिम मोजणीला गेलो तेव्हा आधी बारवेकडं गेलो. मावशी पायऱ्यांवर उभी होती. तळाचा कोपरा मातीखाली गेला होता.

"माती काढायला किती मानसं लागतील?" तिनं विचारलं.

मी टेप लावला. तीस फूट लांब, बारा उंच, आठ जाड. शंभर घनफुटांचा एक, असे एकोणतीस ब्रास. एकतीस पायऱ्या चढून डोक्यावरून माती वाहायची, तर एका माणसाला एका ब्रासला तीन दिवस. "दहा माणसं, नऊ दिवस," मी म्हणालो. "पण मावशी, माती काढली तरी वरची पुन्हा येणार. तिला अडवायला आता काही नाही. दुसरी भिंत आधी घालावी लागेल, तिला पाया..."

"हिशोब नगं," ती म्हणाली. "झरा निगल का न्हाई, तेवढं सांगा."

"नाही."

तिनं मान हलवली. रिकामी घागर कमरेवर घेतली आणि टँकरच्या रांगेकडं निघाली. पाऊस पडून गेला होता तरी टँकर चालूच होता.

मी पंचायतीवर गेलो. पडवीत म्हातारी माणसं सावलीला बसली होती. चारही खांब ओळंब्यात होते. पडवी देखणी झाली होती, माझ्या विटांच्या खांबांनी झाली असती त्यापेक्षा कितीतरी देखणी. मी एकेक माप वहीत उतरवून घेतलं आणि खाली सही केली.